शोधणं हेही शिकवावं लागतं

एखादी बातमी खरी वाटत नसेल तर स्वतः शोधून खात्री करा, हा सल्ला आता इतका सर्रास दिला जातो की त्यावर कोणी हरकत घेत नाही. शिक्षक देतात, पत्रकार देतात, ग्रुपवर अफवा ढकलणाऱ्या काकांना पुतण्याही तोच देतो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक संशोधन आलं आणि या सल्ल्याची चांगलीच पंचाईत झाली. लोकांना ताज्या बातम्या वाचायला दिल्या, काहींना वेबवर शोधून त्यांची खातरजमा करायला सांगितलं, काहींना तसं काही सांगितलं नाही. ज्यांनी शोधलं, त्यांच्यात खोटी बातमी खरी मानण्याची शक्यता न शोधणाऱ्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी जास्त निघाली. शोधल्यावर शंका फिटायला हवी होती. इथे खोट्यावरचा विश्वासच पक्का झाला.

असं का झालं, हे त्या संशोधनातल्या एका उदाहरणावरून कळतं. एका खोट्या बातमीच्या मथळ्यात लॉकडाउन आणि लसीच्या सक्तीमुळे ‘एंजिनिअर्ड फॅमिन’ येणार, म्हणजे कोणीतरी मुद्दाम घडवलेला दुष्काळ येणार, असा दावा होता. खात्री करायला निघालेल्या काहींनी शोधपेटीत नेमके तेच दोन शब्द टाकले. अन्नटंचाईचा गंभीरपणे अभ्यास करणारे लोक हा शब्दप्रयोग सहसा करत नाहीत. तो करतात कटकारस्थानांच्या गोष्टींवर चालणाऱ्या साइट. यंत्राने इमानदारीने त्या शब्दांची पानं शोधून दिली आणि ती निघाली त्याच गोतावळ्यातली. वाचकाला वाटलं, चार ठिकाणी तेच छापून आलंय, म्हणजे काहीतरी तथ्य असणारच. मायकेल गोलेबिएव्स्की आणि डाना बॉइड या अभ्यासकांनी २०१८ मध्ये अशा जागांना ‘डेटा व्हॉइड’ असं नाव दिलं होतं. काही शब्द असे असतात की त्यांच्यावर विश्वासार्ह मजकूर जवळजवळ नसतोच, आणि ज्याला लोकांना फसवायचं आहे तो आधी तिथे जाऊन बसतो, मग ते शब्द लोकांच्या तोंडी देतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की वेबवर शोधणं ही वाचता-लिहिता येण्यासारखीच, कोणीतरी बसून शिकवावी लागणारी गोष्ट आहे. ती न शिकवता ‘शोधून बघा’ म्हणणं ही जबाबदारी झटकण्याची सभ्य रीत झाली. आणि हे शिकवणं म्हणजे चार युक्त्यांची यादी पाठ करून घेणं नव्हे. युक्त्या उपयोगाच्या आहेत, त्यांच्याकडे येईनच. पण त्याआधी आपण पेटीत कोणाचे शब्द टाकतो आहोत, याचं भान यायला हवं.

साधं बघा. ‘कॉफीचे हृदयावरचे दुष्परिणाम’ असं शोधलं की दुष्परिणाम सांगणारी पानं येतात. ‘कॉफीचे हृदयाला होणारे फायदे’ असं शोधलं की फायदे सांगणारी. दोन्ही वेळा यंत्राने आपण मागितलं तेच दिलं, आणि दोन्ही वेळा आपण ‘नेटवर बघितलं’ म्हणून छातीठोकपणे सांगायला मोकळे. ‘कॉफी हृदयविकार संशोधन आढावा’ असं लिहिणारा माणूस विरळा. कारण तसं लिहायला आपल्याला उत्तर आधीच ठाऊक आहे हा समज क्षणभर बाजूला ठेवावा लागतो, आणि शोधायला बसतो तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांना माहिती हवी नसते, साक्षीदार हवा असतो.

आजाराच्या बाबतीत हे अंगाशी येतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्व्हिट्झ यांनी २००८ साली तपासलं, की ‘डोकेदुखी’ शोधल्यावर कोणत्या कारणांची पानं समोर येतात. रोजची कॉफी चुकल्याने डोकं दुखणं आणि मेंदूत गाठ असणं, या दोन कारणांचा उल्लेख जवळपास सारख्याच प्रमाणात होता. प्रत्यक्षात पहिलं कारण अगदी नेहमीचं आणि दुसरं अत्यंत दुर्मीळ. पण गाठीवर लिहिण्यासारखं खूप आहे, वाचणारेही खूप आहेत, म्हणून पानंही खूप. एखाद्या गोष्टीवर वेबवर किती लिहिलं गेलंय, यावरून ती प्रत्यक्षात किती घडते हे कळत नाही, एवढं जरी शाळेत सांगितलं गेलं तरी कितीतरी लोकांची रात्रीची झोप वाचेल. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि आता मनाच्या दिमतीला यंत्रही आहे.

मग शोधायचं कसं? एक उदाहरण जरा जवळून बघू. कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडू लागली आहेत. बहुतेक जण लिहितात, ‘झाडाची पानं पिवळी का पडतात’. हाती येतात ती ‘दहा कारणं, दहा उपाय’ छापाची पानं. पाणी जास्त झालं, पाणी कमी पडलं, ऊन जास्त, ऊन कमी, खत नाही, खत जास्त. यातलं काहीच खोटं नाही आणि कशाचाच उपयोग नाही. आता फोन खाली ठेवा आणि झाडाजवळ जा. पान पूर्ण पिवळं झालंय, की शिरा हिरव्या राहून मधलीच जागा पिवळी झाली आहे? पिवळेपणा शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर आहे, की खालच्या जुन्या? समजा शिरा हिरव्या आहेत. मग पहिला शोध उत्तरासाठी घ्यायचाच नाही. तो घ्यायचा या लक्षणाला जाणकार काय म्हणतात ते कळण्यासाठी. ‘पान पिवळं शिरा हिरव्या’ एवढं इंग्रजीत टाकलं तरी दोन-तीन पानांत एक शब्द पुन्हा पुन्हा दिसेल : ‘इंटरव्हेनल क्लोरोसिस’.

दुसरा शोध या शब्दाने घ्यायचा, सोबत ‘कोवळी पानं’ किंवा ‘जुनी पानं’ असं जोडून. आता समोरची पानं पार बदलतात. दहा उपायवाले मागे पडतात आणि कृषी विद्यापीठांची माहितीपत्रकं पुढे येतात. त्यांत सापडतं, की लोह झाडात एकदा एका पानात गेलं की तिथून सहसा हलत नाही, म्हणून त्याची टंचाई नव्या पानांवर दिसते. मॅग्नेशियम मात्र जुन्या पानांतून काढून झाड नव्या पानांना पुरवतं, म्हणून त्याची टंचाई खालच्या पानांवर. तुमची कोवळी पानं पिवळी असतील तर लोहाकडे बोट जातं. आणि तिथेच आणखी एक गोष्ट लिहिलेली असते : मातीत लोह भरपूर असूनही ती जास्त अल्कधर्मी असली तर मुळांना ते उचलता येत नाही. म्हणजे तिसरा शोध लोहाच्या खताचा नाही, मातीचा पीएच कसा तपासायचा याचा. तीन शोध झाले आणि तिन्ही वेळा प्रश्न बदलला. पहिल्याच पानावर थांबलेला माणूस एव्हाना पाणी वाढवून मोकळा झाला असता.

संगणकावर काही चुकलं असं सांगणारा संदेश येतो, त्याचंही तसंच. ‘प्रोग्रॅम चालत नाही’ असं लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. संदेश जसाच्या तसा उचलायचा, त्यातलं आपलं नाव आणि आपल्या फोल्डरचा पत्ता काढून टाकायचा, कारण ते दुसऱ्या कोणाच्या संदेशात असणार नाही, उरलेलं अवतरणचिन्हांत घालायचं आणि पुढे प्रोग्रॅमची आवृत्ती लिहायची. ज्या पानावर उत्तर असेल त्या पानावर कोणते शब्द असतील, याचा अंदाज बांधून ते शब्द लिहायचे. मुरलेले लोक नकळत हेच करत असतात. विचारलं तर त्यांना सांगताही येत नाही, आणि म्हणून ते पुढच्याला शिकवलं जात नाही.

आता युक्त्या. अवतरणचिन्हांत घातलेले शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. नको असलेल्या शब्दाला लागून वजाचं चिन्ह लावलं की तो असलेली पानं गळतात. इंग्रजीत ‘साइट’ लिहून कोलन आणि जागा न सोडता पत्ता दिला की शोध त्या एकाच संकेतस्थळापुरता राहतो. सरकारी आणि विद्यापीठीय साइटच्या आतल्या शोधपेट्या बहुधा इतक्या रडतखडत चालतात की बाहेरून असं शोधणंच सोपं पडतं. ‘फाइलटाइप’ लिहून पीडीएफ मागितलं की अहवाल आणि परिपत्रकं वर येतात. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांच्यापुढे साल दिलं की तेवढ्याच काळातली पानं, ही सोय गूगलने २०१९ मध्ये दिली. आणि पान उघडल्यावर त्यातला हवा तो शब्द शोधायला कंट्रोल आणि एफ. हे शेवटचं इतकं किरकोळ वाटतं की सांगायलाही संकोच व्हावा. पण गूगलमध्ये लोकांच्या शोधण्याच्या सवयींचा अभ्यास करणारे डॅनिअल रसेल यांनी २०११ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या पाहणीत अमेरिकेतल्या दहापैकी नऊ जणांना हे माहीत नव्हतं. लांबलचक पानावर डोळे बारीक करून एकेक ओळ वाचत बसलेला माणूस आळशी नसतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

इथपर्यंत खापर आपल्यावर फोडून झालं. पण यंत्र बनवणाऱ्यांना इतक्या सहज सोडून देण्याचं कारण नाही.

१९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ‘आर्ची’ बनवलं, तेव्हा ते फक्त फाइलींची नावं जुळवून द्यायचं. मग आली याहूसारखी, माणसांनी हाताने लावलेली विषयवार यादी. १९९५ च्या अखेरीस आलेल्या अल्टाव्हिस्टाने पानांतला सगळा मजकूर शोधायला खुला केला. तिथे ‘हा शब्द हवाच’, ‘हा नको’, ‘हे दोन जवळजवळ हवेत’ असं बजावता येत असे. ते यंत्र अडाणी होतं, पण सांगितलेलं ऐकायचं. नंतरच्या यंत्रांनी पानांची प्रतवारी लावायला सुरुवात केली, पुढे समानार्थी शब्द आपणहून घेतले, आणि २०१९ पासून गूगलने वाक्याचा एकूण अर्थ लावणारी ‘बर्ट’ ही प्रणाली शोधाला जोडली. अर्धवट, चुकीच्या शब्दांत विचारणाऱ्याला यामुळे नक्कीच सोपं झालं, हे मान्य करायलाच हवं. पण ज्याला नेमकं काय हवंय ते ठाऊक आहे, त्याच्या हातातला लगाम सैल होत गेला. शब्द हवाच असं सांगणारं अधिकचं चिन्ह गूगलने २०११ मध्ये बंद केलं. समानार्थी शब्दही शोध असं सांगणारं नागमोडी चिन्ह २०१३ मध्ये गेलं. यंत्राने जपून ठेवलेली पानाची जुनी प्रत बघण्याची सोय २०२४ मध्ये काढून टाकली, आणि नंतर तिच्या जागी इंटरनेट आर्काइव्हकडे जाणारा दुवा दिला. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने जुन्या पानांची सोय देणग्यांवर चालणाऱ्या एका संस्थेच्या भरवशावर सोडली.

आणि मग पैसा. १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज हे स्टॅनफर्डचे विद्यार्थी होते, तेव्हा त्यांनी आपल्या यंत्रावर लिहिलेल्या निबंधाला एक परिशिष्ट जोडलं होतं. त्यात त्यांनी सांगितलं, की आमच्या यंत्रात ‘सेल्युलर फोन’ शोधलं तर गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसं विचलित होतं याचा अभ्यास वरच्या पानांत येतो, आणि फोन कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या यंत्राला असं पान वर दाखवणं त्या कंपन्यांना पटवून देणं जड जाईल. जाहिरातींच्या पैशांवर चालणारी यंत्रं स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकतील, हा त्यांचाच निष्कर्ष. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातींची सेवा सुरू केली. त्यानंतर त्या परिशिष्टाची आठवण कंपनीपेक्षा तिच्या टीकाकारांनीच जास्त ठेवली.

सुरुवातीला जाहिरातींच्या मागे वेगळ्या रंगाची पट्टी असायची. ती गेली. छोटंसं लेबल उरलं, तेही काळानुसार बदलत राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने शोधाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निर्णय दिला. त्या खटल्यात बाहेर आलं, की फोन आणि ब्राउझर उघडल्याबरोबर आपलीच शोधपेटी दिसावी यासाठी कंपनीने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर मोजले. पेटी कोणती ते लोक निवडत नाहीत, समोर आहे ती वापरतात, याची कंपनीला एवढी खात्री होती. समोर आलेल्या यादीचंही तेच. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शोधाच्या निकालांचा क्रम गुपचूप उलटा करून दाखवला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी उपयोगाचं पान वर गेलं, तरी विद्यार्थ्यांचा कल वरच्याच पानाकडे राहिला. क्रमांक एक म्हणजे उत्तम, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, तरी पक्कं ठाऊक असतं.

हा भाबडेपणा घालवता येतो का? येतो, आणि कसा तेही माहीत आहे. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस स्टॅनफर्डचेच विद्यार्थी निवडले, आणि प्रत्येकाला अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. नावं ऐकून गोंधळ व्हावा अशी सारखी. एक १९३० मध्ये स्थापन झालेली, हजारो डॉक्टरांची मुख्य संघटना. दुसरी त्यातून वैचारिक मतभेदावरून २००२ मध्ये फुटलेली, सभासद मोजके. विद्यार्थ्यांनी आणि बऱ्याच इतिहासकारांनी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचलं. मांडणी नीटनेटकी आहे, संदर्भ दिले आहेत, बोधचिन्ह भारदस्त आहे, म्हणून फसले. तथ्यतपासनीस त्या पानावर जेमतेम काही सेकंद थांबले. त्यांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. त्यांची आणखी एक सवय होती : शोधाची यादी आली की लगेच कशावरही बोट ठेवायचं नाही, आधी यादी शेवटपर्यंत वाचायची, कोण बोलतंय ते बघायचं, आणि मग निवडायचं.

मला या प्रयोगातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट इतिहासकारांचं फसणं ही वाटते. कागदपत्रं पारखण्यात हयात घालवलेली ही माणसं. बारकाईने वाचणं हा गुण आपण शाळेत अभिमानाने शिकवतो, तोच इथे आडवा आला. अनोळखी पान बारकाईने वाचणं म्हणजे ते लिहिणाऱ्याच्या हाती आपली मान देणं. आधी बाजूला जाऊन चौकशी करायची, आणि चौकशीत टिकलं तरच बारकाईने वाचायचं. हा क्रम उलटा करायला बराच सराव लागतो, पण सहा तासही थोडंफार काम करतात असं दिसलंय. याच गटाने पुढे शाळेतल्या मुलांना प्रत्येकी पन्नास मिनिटांचे सहाच धडे दिले, आणि न शिकलेल्या वर्गांपेक्षा ती मुलं पारखण्यात स्पष्टपणे पुढे गेली. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभराच्या वेळापत्रकात सहा तास मिळत नाहीत, असं कोणत्याही शाळेने सांगू नये.

छायाचित्रांच्या बाबतीत तर पुराव्याची चौकशी आणखी सोपी आहे. पूर आला की पाण्याखाली गेलेल्या महामार्गावर गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या शार्कचा फोटो हमखास फिरतो. २०११ च्या आयरीन वादळात तो प्वेर्तो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनचा म्हणून. फोटोवरून उलटा शोध घेतला, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच शोधपेटीत टाकला, की कळतं, तोच शार्क २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्रात समुद्रात एका छोट्या होडीमागे पोहतो आहे. तिथून कापून त्याला रस्त्यावर चिकटवलंय. हे एकदा कळलं की माणूस हुशार होतो आणि पुढच्या वेळी न शोधताच म्हणतो, ‘खोटं आहे, जुनंच’. २०२२ मध्ये इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्समध्ये घरांमागच्या पुराच्या पाण्यात शार्कसारखा मोठा मासा वळवळताना दिसला. ती चित्रफीत तपासणाऱ्यांनी जागा, वेळ आणि मूळ फाइल पडताळून पाहिली. ती खरी निघाली. न शोधता विश्वास ठेवणं आणि न शोधता हसण्यावारी नेणं, दोन्ही आळसच.

यात एक गट असा आहे, ज्याला सगळं शिकवूनही पुरणार नाही. तो म्हणजे इंग्रजी न वापरणाऱ्यांचा. वेबवरच्या संकेतस्थळांपैकी अंदाजे निम्मी इंग्रजीत आहेत. बाकीच्या हजारो भाषांनी उरलेलं वाटून घ्यायचं, त्यातही मूठभर भाषांचा वाटा मोठा. मराठीत शोधणाऱ्याला आणखी एक अडचण. ‘शाळा’ शोधताना ‘शाळेतल्या’, ‘शाळांना’, ‘शाळेसाठी’ ही रूपं यंत्राने एकच धरायला हवीत. ती कधी धरली जातात, कधी नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि रोमन लिपीत लिहिलेली मराठी. म्हणून मराठीत शोधताना शब्दाची दोन-तीन रूपं आणि दोन-तीन लेखनं करून बघावी लागतात. विश्वासार्ह मजकूरच कमी असल्याने आधी सांगितलेल्या त्या रिकाम्या जागाही लहान भाषांत जास्त. एखाद्या आजाराचं नाव मराठीत शोधा आणि इंग्रजीत शोधा, पहिल्या पानावर कोण बोलतंय याची तुलना करा. हातच्या कांकणाला आरसा कशाला. विद्यापीठं, रुग्णालयं, सरकारी खाती आपली माहिती मराठीत, शोधता येईल अशा मजकुरात टाकत नाहीत, कागद स्कॅन करून त्याचं चित्र चढवतात, तोवर ही जागा भोंदूंचीच राहणार. त्यामुळे ‘लोकांनी शोधायला शिकावं’ या मागणीला दुसरी बाजूही जोडायला हवी : सापडण्यासारखं काही लिहून ठेवा.

यावर आता नेहमीचा आक्षेप येतो. हे सगळं कशाला शिकायचं? एआयला विचारलं की उत्तर मिळतं, दुवेही नको नि याद्याही नको. मे २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं अमेरिकेत सर्वांना दाखवायला सुरुवात केली, आणि काही दिवसांतच पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळा असा सल्ला त्याने दिल्याचं गाजलं. मूळ होतं दहाएक वर्षांपूर्वी कोणीतरी थट्टेत टाकलेलं एक वाक्य. त्यानंतर सुधारणा झाल्या, होत राहतील, आणि पिझ्झ्याचा सल्ला ऐकून हसता तरी आलं. हसता येत नाही तिथे अडचण आहे. न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले. जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. त्या प्रकरणातला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील असा, की त्यांपैकी एकाने निवाडे खरे आहेत ना, अशी खात्री करून घेतली होती. ती चॅटजीपीटीलाच विचारून. ‘हो’ म्हणालं.

हा वकील ‘शोधून बघा’ हा सल्ला पाळतच होता. त्याच्याकडे नव्हती ती बाजूला जाऊन चौकशी करण्याची सवय. निवाड्याचं नाव कायद्याच्या कोणत्याही संग्रहात टाकून बघणं दोन मिनिटांचं काम होतं. यंत्र जितकं सफाईदार बोलेल तितकी ही सवय जास्त लागेल, कारण यादीत निदान दहा वेगवेगळी तोंडं तरी दिसायची. आता एकच आवाज येतो, तोही न अडखळणारा, आणि तो कोणाकडून काय उचलून बोलतोय हे बघायला खाली जाऊन दुवा उघडावा लागतो. शब्दांचंही तेच. प्रश्न कोणाच्या शब्दांत मांडला त्यावर एआयचं उत्तरही कलतं. ‘अमुक गोष्ट घातक का आहे’ विचारलं तर ते कारणं देत सुटतं. शोधपेटी बदलली, विचारणारा तोच राहिला.

कंपन्यांकडून काय मागायचं, ते फार अवघड नाही. माझा शब्द जसाच्या तसा शोध, असं बजावण्याची सोय तिसऱ्या मेनूत लपवू नका. जाहिरात चार हात लांबून ओळखू येईल अशी दाखवा. एखाद्या शब्दावर भरवशाचा मजकूर कमी असेल तर तसं सांगा. अशा तऱ्हेची सूचना गूगल काही शोधांवर देतं, म्हणजे तंत्र आहे, ते सगळीकडे आणि सगळ्या भाषांत वापरायची इच्छा हवी. नियामकांनी मक्तेदारीच्या खटल्यांत किमतीइतकंच याकडेही बघायला हवं. शोधाच्या पेटीला ग्राहक पैसे देत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान बिलात दिसत नाही, ते न सापडलेल्या पानांत असतं.

शाळांकडून मागणी त्याहून सोपी. हा विषय संगणकाच्या तासाला ढकलू नका. तिथे कळफलक आणि मेनू शिकवले जातात. शोध शिकवायचा तो विज्ञानाच्या, इतिहासाच्या, भाषेच्या तासाला, कारण योग्य शब्द त्या त्या विषयातच सापडतात. आणि परीक्षेत आणा, नाहीतर तो पर्यायी उपक्रम होऊन कपाटात जाईल. प्रश्न असा असू शकतो : एका विषयाच्या शोधाचं पहिलं पान छापून द्यायचं, जाहिरातींसकट. कोणता दुवा आधी उघडाल, कोणता उघडणारच नाही, आणि दुसरा शोध कोणत्या शब्दांनी घ्याल, याची कारणं दहा ओळींत लिहायची. उत्तराला गुण नाहीत, कारणांना गुण. हा पेपर तपासायचा तर शिक्षकालाही तो आधी सोडवून बघावा लागेल, आणि त्यांचं प्रशिक्षण तिथूनच सुरू करता येईल.